पोटात लागलं की पाठीत?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे, तो आधी देतो: "सर, आम्ही चौघं नागपुरात मानेवाड्यात एका खोलीत राहतो. सुट्टीत 'स्पायडर-व्हर्स'चे, म्हणजे स्पायडर-मॅनच्या अ‍ॅनिमेशनचे, दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले, पहिला इंग्रजीत, दुसरा हिंदीत, आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो. एक म्हणतो, हिंदीनं सगळी वाट लावली. दुसरा म्हणतो, अभिनेते-क्रिकेटर आणून बसवले की असंच होणार. तिसऱ्याला त्यातल्या नायकाचा, मायल्सचा आवाजच पोरकट वाटला, सुपरहिरोला बॅटमॅनसारखा दमदार आवाज पाहिजे म्हणे. मी दुसरा भाग थिएटरात इंग्रजीत पाहिला होता तेव्हा अर्धे संवाद कळलेच नव्हते, म्हणून मी म्हटलं, कलाकारच पुटपुटून राहिले होते. तुम्ही इतकी वर्षं डबिंग करून राहिले, तुम्हीच सांगा, आमच्यापैकी बरोबर कोण? आणि सर, नागपुरात राहून या कामात शिरता येईल का?"

थोडं थोडं सगळेच बरोबर आहात. पण जे ऐकायला हवं होतं ते तुम्ही चौघांनीही ऐकलेलं दिसत नाही. आवाज जाड की पातळ, ओळखीचा की अनोळखी, हिंदी की इंग्रजी यावर तुम्ही पहाटेपर्यंत भांडू शकता. मायल्स श्वास कुठे घेतो, कुठे रोखतो, कुठे त्याची धाप लागते, हे मात्र तुझ्या लांबलचक प्रश्नात कुठेच नाही. माझ्यापुरतं अ‍ॅनिमेशनमधल्या सुपरहिरोचं खरं-खोटं तिथेच ठरतं. हाडामांसाच्या नटाला पळवलं की त्याची छाती आपोआप वरखाली होते. चित्राला फुप्फुसं नसतात, ती माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाने द्यावी लागतात. त्यात सुपरहिरोच्या तोंडावर मुखवटा, म्हणजे ओठसुद्धा मदतीला नाहीत.

मला हे अक्कलखाती जमा करून कळलेलं आहे. माझी सुरुवात सिव्हिल लाइन्सच्या आकाशवाणीत नभोनाट्यांतून झाली. कागद उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, 'प' आणि 'भ' थेट माइकवर मारायचे नाहीत, हे तिथे शिकलो. खर्ज चांगला होता, लोक वळून बघायचे, त्यामुळे डोकं थोडं चढलेलंच होतं. त्या जोरावर मुंबईला गेलो आणि एका परदेशी कार्टून मालिकेतला नायक हिंदीत करायला मिळाला. संवाद झकास गेले. शेवटी काचेपलीकडून डायरेक्टरबाई म्हणाल्या, आता एफर्ट्स घेऊ.

एफर्ट्स म्हणजे ज्यांना शब्द नाहीत असे सगळे आवाज. उडी मारताना, भिंतीवर चढताना, मार खाताना, पडताना, दात-ओठ खाताना तोंडून जे निघतं ते. त्या भागात एक लांबलचक मारामारी होती. मी प्रत्येक ठोशाला एक छानसा "अह्!" देत गेलो. दहा-बारा झाले असतील, तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला, "दादा, पोटात लागलं की पाठीत?"

तेव्हा मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघितलं. तोवर नुसता ठोका ऐकून ओरडत होतो. पोटात बसलेला ठोसा आधी हवा बाहेर काढतो, आवाज मागून येतो, कधी येतही नाही. पाठीत बसला तर आवाज आधी निघतो, कारण हवा आत असते आणि छाती पुढे ढकलली जाते. जबड्यावर बसला तर तोंडातला शब्द अर्धा तुटतो, आणि पुढचा शब्द जरा बोबडा यायला हवा. उंचावरून पडताना आवाज लांबत जातो आणि जमिनीला लागल्यावर क्षणभर काहीच नसतं. त्या क्षणभराच्या शांततेत कण्हणं घातलंत की हिरो गादीवर पडल्यासारखा वाटतो. मी अर्थातच सगळीकडे घातलं होतं. त्या एका मारामारीत दोन तास गेले, घसा बसला, आणि पुढच्या दोन दिवसांचं काम हातचं गेलं. एफर्ट्स नेहमी सेशनच्या शेवटी का घेतात तेही त्याच दिवशी कळलं.

हे वेड फक्त आमच्याकडचं आहे असं समजू नको. २००४ च्या 'द इन्क्रेडिबल्स'मध्ये डॅश हा वाऱ्यासारखा पळणारा पोरगा आहे. त्याचा आवाज स्पेन्सर फॉक्स या लहान मुलाचा. खरी धाप मिळावी म्हणून दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी त्याला स्टुडिओत पळायला लावलं आणि मग माइकसमोर उभं केलं. मोठ्या नटाला धाप 'करता' येते, पण लहान मुलाने केलेली धाप कुत्रं धापा टाकत असल्यासारखी होते, त्यापेक्षा पळवलेलं बरं. याच पोराच्या बाबतीत पुढे अशी गंमत झाली की १४ वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा गोष्टीतला डॅश तेवढाच होता आणि फॉक्सचा आवाज फुटून बाप्याचा झाला होता. मग हक मिल्नर हा नवा मुलगा घ्यावा लागला.

आता तुझ्या तिसऱ्या मित्राकडे येतो, कारण हा मित्र मला प्रत्येक कार्यशाळेत भेटतो. नागपुरात दर चौथ्या माणसाला आपला आवाज भारदस्त आहे असं वाटतं, आणि पानठेल्यावर त्याला तसं सांगणारेही असतात. बॅटमॅनचं उदाहरण त्याने दिलं ते उत्तमच आहे, पण ते त्याच्याच विरुद्ध जातं. १९९२ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेपासून बॅटमॅन म्हणजे केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज हे समीकरण झालं. १९९३ च्या 'मास्क ऑफ द फँटाझम' या सिनेमातही तेच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले तेव्हा जगभरचे चाहते घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. का? तर त्यांनी एकाच माणसाचे दोन आवाज केले. श्रीमंत ब्रूस वेन मोकळा, हलका, मिठ्ठास बोलतो. बॅटमॅन खाली उतरतो. ऐकताना असं वाटत राहतं की या माणसाचा खरा आवाज बॅटमॅनचा आहे आणि ब्रूस हेच सोंग आहे. हे खर्जाचं काम नव्हे, समजेचं आहे. शिवाय त्या मालिकेच्या व्हॉइस डायरेक्टर अँड्रिया रोमानो शक्यतो सगळ्या कलाकारांना एकत्र बसवून रेकॉर्ड करत. समोर मार्क हॅमिलचा जोकर खिदळतोय आणि बाजूला कॉनरॉय, अशी जुगलबंदी एकेकट्याने रेकॉर्ड करून मिळत नाही.

आणि 'स्पायडर-व्हर्स'मध्ये दमदार आवाज नाही असं कोण म्हणतं? आहे की! काळा-पांढरा स्पायडर-मॅन नॉयर. निकोलस केज यांनी जुन्या गुन्हेपटांतल्या गुप्तहेराचा खर्ज लावलाय, आणि सगळं थिएटर हसतं. तुझ्या मित्राला जो आवाज नायकाला हवा होता तो या सिनेमाने विनोदाला वापरला. मायल्स हा शाळकरी पोट्टा आहे. त्याला जे जमत नाही त्याचीच गोष्ट आहे ही. त्याला खर्ज दिला असता तर पहिल्या मिनिटापासून तो तयारच वाटला असता, मग शिकायचं काय? इंग्रजीत आवाज देणाऱ्या शमीक मूरने त्याला घाईत बोलणारा, मध्येच अडखळणारा, लाज वाटली की जोरात बोलणारा ठेवलं, ते मला अगदी योग्य वाटतं. एक कर. मायल्स पहिल्यांदा उंच इमारतीवरून उडी मारायला जातो, घाबरतो, उतरून ठेंगण्या इमारतीवर जातो आणि तिथेही फजिती होते, तो प्रसंग. आणि शेवटाकडे काचेला चिकटलेल्या बोटांनी काच तोडत झेप घेतो, तो प्रसंग. दोन्ही पाठ करून बसलेल्या लोकांनाही मी डोळे मिटून ऐकायला लावतो. चित्र काढून घेतलं की दोन्ही प्रसंगांतला माणूस वेगळा ऐकू येतो.

अभिनेते आणि क्रिकेटर यांच्यावर तुझा दुसरा मित्र चिडलाय. त्याची चीड मी समजू शकतो, माझ्या पोटाचा प्रश्न आहे तो. पण सरसकट बोलणं अन्यायाचं होईल. 'द इन्क्रेडिबल्स' हिंदीत 'हम हैं लाजवाब' म्हणून आला तेव्हा बापाचा आवाज शाहरुख खानचा आणि पोराचा त्याच्या खऱ्या पोराचा, आर्यनचा होता. ते चाललं, कारण तो बाप मध्यमवयीन, पोट सुटलेला, नोकरीला कंटाळलेला आहे, आणि शाहरुखला थकवा बोलता येतो. दुसऱ्या भागाच्या हिंदीत इलास्टिगर्ल, म्हणजे डॅशची आई, काजोलने केली. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' २०२३ च्या १ जूनला आपल्याकडे मराठीसह १० भाषांत लागला, आणि मुंबटन या सिनेमातल्या शहराच्या स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, हिंदी आणि पंजाबीत शुभमन गिलने आवाज दिला. इंग्रजीत तो करण सोनीने केलाय, तो मूळचा दिल्लीचा. पवित्र हे पात्र तोंडाला लगाम नसलेलं आहे, एका दमात चार वाक्यं. हे मुरलेल्या डबिंग कलाकारालाही दमवणारं काम आहे, कारण शब्दांची लांबी पडद्यावर आधीच ठरलेली असते आणि हिंदी वाक्य इंग्रजीपेक्षा हमखास लांब होतं. बॅट चालवणाऱ्याला पहिल्याच डावात ही खेळपट्टी दिली यात दोष त्या पोराचा नाही. पोस्टरवर नाव लागतं, गर्दी होते, हिशोब तिथला आहे.

पोस्टरवर ज्यांची नावं येत नाहीत त्यांचंही ऐका, एवढंच माझं म्हणणं. तुमच्या पिढीचं बालपण ज्या आवाजांवर गेलं ते आवाज कोणाचे? निंजा हातोडीच्या हिंदी आवाजामागे आपली मराठी मेघना एरंडे आहे. डोरेमॉन आणि छोटा भीम या दोघांचे आवाज सोनल कौशल यांचे. ही दोन पात्रं एकाच गळ्यातून निघतात हे सांगितलं तर वर्गात कोणी विश्वास ठेवत नाही. 'बाहुबली'च्या हिंदीत प्रभासला शरद केळकरांनी आवाज दिला, तेव्हा कोणी म्हटलं का की डबिंगने वाट लावली? उलट तोच मूळ आवाज आहे असं वाटणारे माझ्या ओळखीत ढिगाने आहेत.

जाता जाता एक सांगतो, नाव विचारू नको. एका बड्या नटाने एका अ‍ॅनिमेशनपटाला आवाज दिला होता. संवाद दिले आणि गेला. धापा, किंकाळ्या, पडणं, सगळं बाकी. ते दिवसभर उभं राहून मी दिलं. सिनेमा आल्यावर एका परीक्षणात लिहिलं होतं की अमुक यांनी मारामारीच्या प्रसंगांत आवाजाने जान ओतली आहे. बायकोने ते कात्रण फ्रिजला लावून ठेवलं होतं बरेच दिवस.

आता हिंदीनं वाट लावली का? इथे जरा बसून बोलावं लागेल.

मूळ अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर. नट बोलतो, त्याच्या बोलण्यावर ओठ, भुवया, खांदे काढले जातात. नटाने मध्येच सुस्कारा टाकला तर अ‍ॅनिमेटर तो सुस्कारा काढतो. कधी तर कामचलाऊ म्हणून भरलेला आवाजच कायम राहतो. 'द इन्क्रेडिबल्स'मधली ती ठेंगणी फॅशन डिझायनर एडना मोड ऐकलीस? तो आवाज खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांचा आहे. डबिंगमध्ये सगळं उलटं. चित्र तयार, ओठ ठरलेले, श्वास ठरलेला, आणि त्या साच्यात दुसऱ्या भाषेचं वाक्य ओतायचं. ओठ मिटणारी अक्षरं म्हणजे प, ब, भ, म. चेहरा जवळून दिसत असेल आणि पडद्यावर ओठ मिटले तर आपल्या वाक्यातही तिथे यातलं एखादं अक्षर यावं लागतं. निदान तोंड उघडं असताना 'म' येऊ नये. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. 'स्पायडर-व्हर्स'मध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंय, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. पहिल्या भागात मायल्स जंगलात पीटर या मुरलेल्या स्पायडर-मॅनच्या मागून झोके घेतो तेव्हा पीटर २४ वर आणि मायल्स १२ वर आहे, म्हणून तो नवशिका दिसतो. डबिंगवाल्याला याचा अर्थ असा की ओठ जरा झटके देत हलतात, आणि सरळ गुळगुळीत बोललेलं वाक्य त्यावर तरंगत राहतं, चिकटत नाही.

पण ओठांपेक्षा अवघड भाग पुढे आहे. पहिल्या भागात मायल्सचा पोलीस बाप त्याला शाळेच्या दारात सोडतो आणि गाडीच्या भोंग्यावरून, सगळ्या पोरांसमोर, "आय लव्ह यू" म्हणतो आणि पोराकडूनही वदवून घेतो. पुढे एका रात्री तोच बाप हॉस्टेलच्या दाराबाहेर उभा आहे. आत मायल्स खुर्चीला जाळ्याने बांधलेला, तोंडावर जाळं, बोलू शकत नाही. बापाला वाटतं पोरगा रागावून उत्तर देत नाही. तो दाराशी बोलत राहतो, आणि शेवटी म्हणतो की तू परत म्हणायची गरज नाही. ब्रायन टायरी हेन्रीने हे इतकं सांभाळून केलंय की मी आजवर हा तुकडा पंचवीस-तीस वेळा शिकवायला वापरला असेल. त्यात एकही मोठा आवाज नाही. अडखळणं आहे, सुरू केलेलं वाक्य सोडून देणं आहे, दाराजवळ येणं आणि लांब जाणं आहे.

हे मराठीत कसं न्यायचं? धरमपेठेतल्या एका छोट्या कार्यशाळेत मी हाच तुकडा दिला होता. सरळ "आय लव्ह यू" ठेवलं तर चूक काही नाही, हल्लीची पोरं म्हणतात. पण नागपूरचा पन्नाशीचा हवालदार बाप भोंग्यावरून ते म्हणेल का? एक जण म्हणाला, "जेवला का बे?" ठेवू. भाव बरोबर पकडला होता त्याने, आपला बाप प्रेम असंच करतो. पण गाडी अडली, कारण "जेवला का"ला परत "जेवला का" म्हणत नाहीत, आणि पुढचा सगळा प्रसंग परत म्हणण्यावर उभा आहे. मग मागच्या रांगेतली एक मुलगी, तोवर तोंडातून शब्द न काढलेली, म्हणाली, "सर, 'जातो नको म्हणू, येतो म्हण' असं केलं तर?"

वर्ग चूप. घरून निघताना 'जातो' म्हटलं की आई-बाप थांबवतात आणि 'येतो' म्हणायला लावतात, हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भोंग्यावरून बाप ओरडतो, "जातो नाही म्हणायचं, येतो म्हण!" पोरं हसतात, मायल्सला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि रात्री दाराबाहेर बाप म्हणतो, "येतो मी. तू नाही म्हटलं तरी चालेल." अर्थ अक्षरशः वेगळा आहे आणि प्रसंग तोच आहे. मग आम्ही मोजायला बसलो. "आय लव्ह यू" मध्ये तीन ठोके. पहिल्यांदा "येतो जी" बसवलं, आपल्याकडचं अस्सल. ठोके तीन, ओठ मिटत नाहीत, छान. पण "यू"ला ओठांचा चंबू होतो आणि "जी"ला ओठ पसरतात. जवळच्या शॉटला ते खटकलं असतं. "येतो हो" केलं. चंबू आला, ठोके तीन, आणि पोरगा ते वैतागून म्हणू शकतो. शब्द असे बदलायला निर्मात्यांची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही हा भाग वेगळा. आम्ही वर्गात राजे होतो.

असाच दुसऱ्या भागातला चहाचा विनोद. मायल्स 'चाय टी' म्हणतो आणि पवित्र त्याला झापतो की चाय म्हणजेच टी. इंग्रजी प्रेक्षकाला ती स्वतःच्या लोकांवरची चपराक आहे. आपल्या प्रेक्षकाला चपराक लागत नाही, तो नुसता पवित्रच्या बाजूने टाळी देतो. मराठी लेखकाला हात मोकळे मिळाले तर आपल्याच घरातली उदाहरणं पडलीयत: पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, लेडीज बायका. पण पडद्यावर चहाचा विषय दिसत असेल तर पीतांबर कुठून आणणार? म्हणून काही विनोद डबिंगमध्ये पातळ होतात, त्यात ना नटाचा दोष ना लेखकाचा.

आणि मायल्सची भाषा. आईशी बोलताना, गल्लीतून जाताना तो इंग्रजीतून सहज स्पॅनिशमध्ये शिरतो आणि परत येतो. याचं भाषांतर करायची गरज नागपूरच्या माणसाला नाही, तो दिवसभर हेच करतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथे पाहुणी नाही. आपला पोरगा आईशी मराठी, ऑटोवाल्याशी हिंदी, आणि मित्राशी "क्या बे, काहून नाही आला काल?" असं दोन्ही एकाच वाक्यात बोलतो. डबिंगच्या लेखी मात्र मराठी म्हणजे पुण्या-मुंबईची धुतलेली मराठी. वऱ्हाडी किंवा नागपुरी आली तर ती हमाल, चौकीदार, नाहीतर विनोदी राक्षसाच्या तोंडी. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. सुपरहिरो "मी येतोय!" म्हणतो आणि त्याचा चौकीदार "येऊन राहिलो न बाप्पा!" म्हणतो. मायल्ससारखा दोन भाषांमध्ये वाढलेला पोट्टा जर कोणाच्या तोंडी शोभेल तर तो आपल्या महाल नाहीतर सदर भागातल्या पोराच्या. एकदा तरी कोणी करून बघावं.

म्हणजे तुझ्या पहिल्या मित्राला उत्तर असं की हिंदीने वाट लावली की नाही हे पूर्ण सिनेमावरून सांगता येत नाही, प्रसंगावरून सांगता येतं. तो दाराचा प्रसंग दोन्ही भाषांत लागोपाठ लावा. बाप दाराशी बोलतोय की प्रेक्षकांशी, एवढंच ऐका.

तुझं स्वतःचं म्हणणं राहिलं, ते पटकन उरकतो. तू कलाकारांवर उगाच घसरलास. दुसऱ्या भागाबद्दल ही तक्रार अमेरिकेतूनही आली होती की सुरुवातीला संगीतात संवाद बुडतात. निर्माते फिल लॉर्ड यांनी तेव्हा थिएटरवाल्यांना आवाज ठरलेल्या पातळीवर ठेवायची जाहीर विनंती केली होती. ही पातळी म्हणजे प्रोजेक्शन रूममधल्या आवाजाच्या यंत्रावरचा ७ हा आकडा. सिनेमाचं मिक्सिंग त्या ७ वर बसून केलेलं असतं. पण जाहिराती कर्कश असतात, कोणीतरी तक्रार करतं, ऑपरेटर पाचवर आणून ठेवतो आणि विसरतो. प्रत्येक आकड्याला साधारण सव्वातीन डेसिबल, म्हणजे दोन आकड्यांत साडेसहा डेसिबल गेले. संवाद बहुतेक पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. आवाज उतरला की सगळ्यात आधी मरतात ती हळू बोललेली वाक्यं आणि शब्दांच्या शेवटची व्यंजनं, आणि मग सगळे पुटपुटल्यासारखे वाटतात. पुढच्या वेळी मध्यंतरात जाऊन ऑपरेटरला गोड बोलून सांग. मी सांगतो नेहमी. कधी ऐकतात, कधी माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

शेवटी तू हळूच विचारलंयस की नागपुरात राहून या कामात शिरता येईल का. बहुतेक डबिंग अजूनही मुंबईतच होतं, ते खोटं सांगणार नाही. पण तयारीला मुंबई लागत नाही. मोबाइल पुरतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यात तोंड घालून बोल, भिंतीचा घुमारा जातो. तोंडातली चटचट घालवायला हिरव्या सफरचंदाची फोड खातात. संत्र्याने तसं होत नाही, मी आपल्या गावाच्या अभिमानापोटी बराच प्रयत्न करून पाहिलाय. आवाज काढून पुस्तक वाचायचा सराव सगळेच सांगतील. मी सांगेन, सिनेमातली दोन मिनिटांची मारामारी आवाज बंद करून लाव आणि एकही शब्द न बोलता ती पूर्ण कर. प्रत्येक ठोशाला स्वतःला विचार, कुठे लागलं. घसा ओढल्यासारखा वाटला की थांब, दुसऱ्या दिवशी कर. खोलीतल्या बाकी तिघांना आधी सांगून ठेव, नाहीतर शेजारी दार वाजवतील.

केलेलं रेकॉर्डिंग पाठव, ऐकेन. फक्त एक कर बाबा, कूलर बंद कर. मागच्या मे महिन्यात एकाने दाराचा प्रसंग पाठवला होता. बाहेर ४५ अंश, बिचाऱ्याला दोष तरी कसा देणार, पण तीन मिनिटांच्या त्या क्लिपमध्ये बापापेक्षा कूलरच जास्त गहिवरून बोलत होता.